व्हीआयएचं ट्रेनिंग झालंय, पण पॉझिटिव्ह आलेल्या बाईचं पुढे काय? तपासणी आत्ताच सुरू करावी का?

दिवसपाळी_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी जी व्हीआयए तपासणी करतात, म्हणजे अॅसिटिक अॅसिड लावून पांढरा डाग दिसतो का ते डोळ्यांनी बघतात, तिचं ट्रेनिंग नुकतंच झालं, वर्गात स्लाइड दाखवल्या, मॉडेलवर स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावं म्हणून योनीत घालायचं साधन) घालायला शिकवलं, शेवटी काही बायकांची तपासणीही करायला दिली पण त्यातली एकही पॉझिटिव्ह निघाली नाही, त्यामुळे खरी पॉझिटिव्ह कशी दिसते ते मी आजवर फक्त फोटोत बघितलंय. आणि आता वरून निरोप आलाय की कॅम्प लावा आणि किती बायका तपासल्या तो आकडा पाठवा.

आमच्याकडे डॉक्टर रोज नसतात, लॅब नाही, गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारा कॉल्पोस्कोप तर नाहीच. मोठं हॉस्पिटल लांब आहे आणि तिथे गेलं की एका दिवसात काम होत नाही, आज केसपेपर, उद्या तपासणी, रिपोर्टला परत या. मजुरी बुडवून, लहान मुलं कुणाकडे तरी ठेवून बाई किती वेळा जाणार? मला सारखं वाटतं की मी एखादीला सांगेन "तुमच्यात दोष दिसतोय" आणि ती घाबरून घरी जाईल ती परत दिसणारच नाही. आणि उलट मला दिसलंच नाही आणि मी "सगळं ठीक आहे" म्हणून सोडली तर?

कुणी हे काम केलं असेल तर सांगा. तपासणी सुरू करू, का एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट येईपर्यंत थांबू?

कॉल्पो_मॅडम

सिस्टर, प्रश्न अगदी वेळेत विचारलात. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं नर्सना हेच शिकवतेय, तर माझं मत सरळ सांगते. पॉझिटिव्ह बाईवर उपचार कोण करणार, कुठे आणि कोणत्या दिवशी, हे ठरल्याशिवाय पहिला कॅम्प लावू नका. त्यासाठी महिना-दोन महिने गेले तर चालतील. हा आजार फार सावकाश वाढतो. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात टिकतो त्यांच्यातल्या काहींच्या गर्भाशयमुखावर पेशी बदलायला लागतात आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल आणि त्यावर औषधं चालू नसतील तर ५ ते १०. एवढी मोठी फट मिळते म्हणून तर हा कॅन्सर टाळता येतो. २०२२ मध्ये जगात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाख गेल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. ज्या आजाराला पंधरा वर्षं आधी गाठता येतं त्याने एवढ्या बायका मरतायत याचं मला आजही वाईट वाटतं.

डब्ल्यूएचओने २०२० साली जे धोरण आणलं त्यात तीन आकडे आहेत, २०३० पर्यंत गाठायचे. पंधराव्या वर्षाच्या आत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा चांगल्या प्रतीची तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. सगळे मधल्या आकड्यामागे धावतात कारण तो कॅम्प लावून दाखवता येतो. जीव वाचतो तो तिसऱ्यामुळे.

आता तुमच्यासारख्या ठिकाणी त्यातल्या त्यात चांगला मार्ग म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच भेटीत. थर्मल अॅब्लेशनचं, म्हणजे डाग उष्णतेने जाळायचं, मशीन बघितलंय का? हातात मावतं, बॅटरीवर चालतं, गॅसचा सिलिंडर लागत नाही. टोक १०० अंशांच्या आसपास किंवा जास्त तापतं, २० ते ३० सेकंद लावायचं, डाग मोठा असेल तर शेजारी परत एकदा. आधी क्रायोथेरपी करायचो, म्हणजे गॅसने डाग गोठवायचा, तीपण उत्तम, पण गॅस संपला की काम ठप्प आणि सिलिंडर कोण आणणार यावर आठवडे जायचे. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने थर्मल अॅब्लेशनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हापासून बऱ्याच देशांत हे वाढलंय आणि ट्रेनिंग घेतलेली नर्स ते व्यवस्थित करू शकते.

पण प्रत्येक पॉझिटिव्हला जाळायचं नसतं, हे पक्कं डोक्यात ठेवा. डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल, गर्भाशयमुखाच्या पाऊण भागापेक्षा कमी जागेवर असेल, बाई गरोदर नसेल आणि कॅन्सरची शंका अजिबात नसेल तरच. शंका असेल तर हात लावायचा नाही, बायोप्सीसाठी पाठवायचं. मशीन तुमच्याकडे नसेल तर जवळ कुठे आहे, ते आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे येऊ शकतं का, हे आधी विचारा. मशीन ज्या दिवशी येणार त्याच दिवशी तपासणी ठेवा. आकडा लहान येईल, येऊ दे.

उत्सुक_वाचक

मध्येच विचारतो, माझं क्षेत्र नाही हे. पण पॅप स्मिअर नावाची टेस्ट आहे ना? ती करून कॅन्सर कमी झाला असं वाचलं होतं, मग ती का नाही करत सगळीकडे?

आकडेमोड

@उत्सुक_वाचक, पॅपने श्रीमंत देशांत खरोखर खूप फरक पडला पण तिथे स्मिअर घेणं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून काचेच्या स्लाइडवर घेणं, हे कामाचं अगदी छोटं टोक आहे. मागे स्लाइड वाचणारे तंत्रज्ञ लागतात, ते चुकतात का बघायला पॅथॉलॉजिस्ट लागतो, दर काही वर्षांनी तीच बाई परत यावी म्हणून पत्र पाठवणारी यंत्रणा लागते, रिपोर्ट आठवड्यांनी येतो आणि तो आल्यावर बाईला शोधून बोलवावं लागतं. यातली एक कडी तुटली की पुढचं सगळं वाया. जिथे लॅबच नाही तिथे ही साखळी उभीच राहत नाही.

सिस्टर, तुम्ही एचपीव्ही टेस्टबद्दल विचारलंत म्हणून थोडं आकड्यांचं सांगतो, सार्वजनिक आरोग्यात काम करतो. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आत्ताचं धाराशिव, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका, त्यांचे चार गट, एकाला एचपीव्ही टेस्ट, एकाला पॅप, एकाला व्हीआयए आणि एकाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून २०२१ च्या सूचनांत डब्ल्यूएचओ एचपीव्ही डीएनए टेस्टलाच पहिली पसंती देतं, ३० व्या वर्षापासून आणि दर ५ ते १० वर्षांनी.

पण यावरून व्हीआयए निकामी असं समजू नका. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये नर्सनी एकाच फेरीत व्हीआयए केली आणि २००७ च्या निकालात मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी दिसले. तिथे पॉझिटिव्ह बाईची कॉल्पोस्कोपी, बायोप्सी आणि जमेल तिथे क्रायो हे सगळं नर्सनीच त्याच भेटीत केलं होतं. आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून जो अभ्यास केला त्यात तर दहावीपर्यंत शिकलेल्या, डॉक्टर-नर्स नसलेल्या कार्यकर्त्यांनी व्हीआयए केली, दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या, सुमारे दीड लाख बायका, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पद्धत तीच आणि निकाल वेगळे. व्हीआयए माणसाच्या डोळ्यावर चालते, त्यामुळे डोळा किती तयार झालाय आणि नंतर त्यावर लक्ष कोण ठेवतंय यावर सगळं अवलंबून. एचपीव्ही टेस्ट मशीन वाचतं, तिला हा त्रास नाही, पण ती पॉझिटिव्ह आली तरी डाग कुठे आहे आणि अॅब्लेशन करता येईल का हे बघायला परत कुणीतरी डोळ्यानेच बघायचंय! म्हणजे तुमचं शिक्षण कुठल्याच वाटेवर वाया जात नाही.

गावोगावी

मी नर्स नाही, गावात फिरून बायकांना तपासणीला आणायचं काम करते. डॉक्टर मॅडम आणि सर बोलले ते बरोबरच पण बाई टेबलापर्यंत येतानाच अर्ध्या गळतात ते पण बघा ना.

आमच्या इथे आधी कॅम्प शाळेच्या खोलीत ठेवला होता, खिडकीला फडका लावलेला आणि बाहेर रांग. आतल्या बाईशी सिस्टर जे बोलल्या ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं आणि त्यानंतर त्या गावातून कुणी यायलाच तयार नाही, कितीही समजावलं तरी नाही. मग खोली बदलली. दाराला आतून कडी, टेबल दाराच्या समोर नाही तर आडवं, बाईचं डोकं दाराकडे, पांघरायला स्वच्छ चादर. आणि तपासताना आत एकच सिस्टर आणि एकच बाई, दुसरी कुणीतरी फक्त हात धरायला, बाकी कुणी आत यायचं नाही. हळूहळू बायका आपणहून यायला लागल्या, एक आली की तिची जाऊ, मग शेजारीण.

दुसरं म्हणजे निकाल सांगताना काय बोलता ते. "पॉझिटिव्ह" म्हटलं की बाईला वाटतं कॅन्सर झाला. आम्ही आधीच सांगतो, तपासायच्या आधी, की डाग दिसला तर तो बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पुढे कधीतरी होऊ नये म्हणून आत्ताच काढायचा. आणि एचपीव्हीची टेस्ट असेल तर घरात भांडणं लागतात, नवरा म्हणतो तू कुठे गेलीस, बाई म्हणते तू कुठे गेलास. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतोच आणि कधी आला ते सांगता येत नाही, कितीतरी वर्षांपूर्वीचा असू शकतो, हे बाईला नीट बसवून सांगावं लागतं. निरोप फक्त तिलाच द्यायचा. सासूच्या फोनवर नाही, दिराच्या हाती चिठ्ठी नाही.

दिवसपाळी_सिस्टर

सगळ्यांचे खूप खूप आभार, गावोगावी ताई तुमचं टेबलाचं मी उद्याच करते, आमचं टेबल पण दारासमोरच आहे.

मॅडम, मला अजून एक नीट विचारायचंय. अॅसिटिक अॅसिड लावल्यावर पांढरं तर बऱ्याच जणींना थोडंफार दिसतंच. ट्रेनिंगमध्ये ज्यांना तपासलं त्यातपण एकीला फिकट पांढरट दिसलं आणि शिकवणारे म्हणाले निगेटिव्ह. का निगेटिव्ह ते विचारायचं राहिलं, मागे गर्दी होती. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायका पण येतात, त्यांचं काय करायचं?

कॉल्पो_मॅडम

हे लिहून सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करते.

स्पेक्युलम घातल्यावर लगेच अॅसिड लावायचं नाही. आधी उजेड नीट करा, पांढरा आणि जोराचा, पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. साध्या डोळ्यांनी बघा, गाठ, फुलकोबीसारखी वाढ, हात लागताच रक्त, असं काही असेल तर तिथेच थांबून पुढे पाठवायचं. मग ओल्या कापसाने चिकट स्राव हळूच पुसा आणि ती सीमारेषा शोधा, जिथे बाहेरचा गुळगुळीत गुलाबी भाग संपतो आणि आतला लालसर दाणेदार भाग सुरू होतो. सगळा खेळ त्या रेषेवर आहे. ती रेषा पूर्ण गोल दिसत नसेल तर "निगेटिव्ह" लिहायचा आपल्याला हक्कच नाही, "पूर्ण दिसलं नाही" असं लिहायचं.

मग ३ ते ५ टक्क्यांचं अॅसिटिक अॅसिड, कापूस चांगला भिजवून, आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. गर्दी असली की हे मिनिट वीस सेकंदांवर येतं, मी डोळ्यांनी बघितलंय, आणि खरे डाग तिथेच सुटतात. मिनिटानंतर जर दाट, अपारदर्शक, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग त्या रेषेला चिकटून दिसला तर पॉझिटिव्ह. फिकट, गुलाबीसर पांढरं, कडा विरघळल्यासारख्या, लवकर नाहीसं होणारं, ते बहुतेक वेळा पेशींचा नेहमीचा बदल असतो, तुम्ही बघितलं ते तेच असणार. रेषेपासून लांबचे डाग, बारीक ठिपके किंवा मण्यासारखे गोल फुगवटे यांना पॉझिटिव्ह धरायचं नाही.

द्रावण रोज ताजं करा. ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड असेल तर ५ मिली अॅसिड आणि ९५ मिली पाणी, आणि मिसळल्यावर बाटलीवर तारीख लिहून मूळ बाटली वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. न मिसळलेलं चुकून लागलं तर बाई भाजते.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये ती सीमारेषा आत नळीत सरकते, त्यामुळे पन्नाशीच्या पुढे व्हीआयएवर भरवसा ठेवू नका, त्यांच्यासाठी एचपीव्ही टेस्टच बरी. आणि पाळी गेल्यावर रक्त जाणारी, संबंधांनंतर रक्त जाणारी, घाण वासाचं पाणी जाणारी बाई कॅम्पमध्ये आली तर तिची स्क्रीनिंग करून "निगेटिव्ह" कागद हातात देऊ नका. तिला लक्षणं आहेत, तिला थेट निदानासाठी पाठवायचं, व्हीआयए काहीही दाखवो.

आता तुमच्या ट्रेनिंगचं. एकही पॉझिटिव्ह न बघता सर्टिफिकेट मिळालं हा तुमचा दोष नाही, पण तसं सुरू करू नका. जिथे पॉझिटिव्ह बायका उपचाराला येतात अशा क्लिनिकमध्ये जाऊन बसायची परवानगी मागा आणि तिथल्या अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून आधी तुमचं मत कागदावर लिहा, मग त्यांचं विचारा. परत आल्यावर प्रत्येक शंकेच्या केसचा फोटो काढा, बाईची परवानगी घेऊन, नाव नाही, चेहरा नाही, फक्त गर्भाशयमुख, आणि ते कुणाला तरी दाखवा. झांबियात २००६ पासून नर्सनी असंच काम केलंय, तपासणी नर्स करते, फोटो काढते आणि डॉक्टर नंतर नर्सबरोबर बसून ते फोटो बघतात. डोळा तिथेच तयार होतो.

आणि शक्य असेल तर तुमच्या केंद्रातल्या दोघींना शिकवायला सांगा. एकीची बदली झाली की सगळं बंद पडतं, हे इतक्या ठिकाणी झालंय की मी आता एकटीला शिकवायलाच नकार देते.

रिपोर्ट_आला

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पण थर्मल अॅब्लेशन माझं झालंय म्हणून लिहावंसं वाटलं, सिस्टर तुम्हाला बायका विचारतील दुखतं का.

मला भूल दिली नव्हती. पोटात खाली कळ आली, पाळीच्या वेळी येते तशी, थोडी जोरात, आणि मशीन काढल्यावर गेली. त्या सिस्टर प्रत्येक वेळी आधी सांगत होत्या आता गार लागेल, आता गरम वाटेल, आता संपलं. ते सांगणं फार उपयोगी पडलं. नंतर काही आठवडे पाणी जात होतं पांढरं, कधी गुलाबी. ते मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, नाहीतर नक्की वाटलं असतं काहीतरी बिघडलं. महिनाभर संबंध नाही असंही सांगितलं होतं, ते मात्र नवऱ्याला मी कसं सांगणार होते? सिस्टरनी विचारलं आम्ही बोलू का आणि त्याला बाहेर नेऊन दोन मिनिटं समजावलं. तेवढं कराल तर बरं होईल.

आकडेमोड

@रिपोर्ट_आला, हे लिहिलंत ते फार बरं झालं. सिस्टर, अॅब्लेशननंतर वर्षाने त्या बाईची परत तपासणी करायची असते, त्या तारखेचा रकाना रजिस्टरमध्ये आजच आखून ठेवा.

आणि वर आकडा पाठवताना एक सुचवतो. नुसता "किती तपासल्या" नको, शेजारी अजून तीन रकाने, किती पॉझिटिव्ह, त्यातल्या किती जणींना त्याच दिवशी उपचार, किती जणींना पाठवलं आणि त्या खरंच पोचल्या का. शेवटचा रकाना रिकामा दिसला की साहेबांनाही प्रश्न विचारावा लागतो. दुसरा फायदा असा की शेकडो बायका तपासून एखादीला एकही पॉझिटिव्ह सापडत नसेल, किंवा दुसरीला दर चौथी बाई पॉझिटिव्ह वाटत असेल, तर दोघींनाही परत ट्रेनिंग लागेल हे लगेच कळतं. बोलणी खायला लागतील म्हणून कुणी आकडे लपवू नयेत, एवढं मात्र वरच्यांनी बघायला पाहिजे.

एचपीव्ही टेस्ट मिळायला लागली की बाईने स्वतःच नमुना घ्यायची सोय नक्की मागा. मऊ ब्रश योनीत घालून फिरवायचा आणि नळीत ठेवायचा, गर्भाशयमुखापर्यंत पोचावंच लागत नाही. पीसीआरवर चालणाऱ्या टेस्टमध्ये असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच कामाचा ठरलाय. टेबलाला घाबरणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं आहे, मग टेबलावर फक्त पॉझिटिव्ह बाईलाच यावं लागतं.

दिवसपाळी_सिस्टर

ठरलं मग. वरती लिहून देते की कॅम्पची तारीख मशीन येईल त्या दिवसाची ठेवा, आणि त्याआधी मला क्लिनिकमध्ये बसायला पाठवा. माझ्याबरोबर अजून एक सिस्टर तयार आहे शिकायला.

दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडे स्पेक्युलम मोजकेच आहेत, मध्ये उकळून घेतले तर चालतील का? आणि एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या काही बायका आमच्याकडे नियमित येतात, त्यांना तिशीची वाट बघायला लावायची का?

कॉल्पो_मॅडम

उकळलेले चालतात, पण आधी साबण आणि ब्रशने सांध्यातली घाण काढून, आणि पाण्याला खदखदून उकळी आल्यावर पूर्ण २० मिनिटं, मध्ये नवीन स्पेक्युलम टाकला तर वेळ परत पहिल्यापासून मोजायचा. वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह असेल तर तोच वापरा. म्हणजे दिवसाला किती बायका बोलवायच्या हे तुमच्या स्पेक्युलमच्या संख्येवरून ठरवा, यादीवरून नाही.

एचआयव्ही असलेल्या बायकांना तिशीपर्यंत थांबवू नका. त्यांना या कॅन्सरचा धोका साधारण सहा पट असतो, म्हणून २५ व्या वर्षापासून तपासणी, एचपीव्ही टेस्ट असेल तर दर ३ ते ५ वर्षांनी, व्हीआयए असेल तर दर ३ वर्षांनी. त्या औषधाला येतातच, त्याच दिवशी करा, वेगळं बोलवू नका. किंबहुना सुरुवातच त्यांच्यापासून करा, कारण त्या परत येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे आणि फॉलोअपची सवय तुम्हा दोघींनाही त्यांच्यावरच लागेल.